अडीच इंच उतार

मेश्रामकाकांशी माझी ओळख आमच्याच गाडीच्या दारानं करून दिली.

२००३ सालचा ऑक्टोबर. अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉय गावात आम्ही नुकतं घर घेतलं होतं आणि मी स्वयंपाकघरात खोकी फोडत बसले होते. बाहेर गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. मिलिंद, म्हणजे माझा नवरा, दुकानातून परत आला असेल असं वाटून मी उठले नाही. मग दार पुन्हा लागलं. मग पुन्हा. पाचव्यांदा लागलं तेव्हा मी हातातलं लाटणं न ठेवता तशीच बाहेर गेले. आमच्या ड्राइव्हवेवर पंचावन्न-छप्पन वर्षांचे एक शिडशिडीत गृहस्थ आमच्या गाडीच्या दाराला जवळजवळ कान लावून उभे होते. अंगात हाफ स्वेटर आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी सहा इंची पोलादी पट्टी.

"कॅन आय हेल्प यू?" मी शक्य तितक्या खडूसपणे विचारलं.

"बिजागऱ्या माझ्या आहेत," ते शांतपणे मराठीत म्हणाले. "चारही दारांच्या. आवाज पाहा ना." आणि त्यांनी दार सहाव्यांदा लावलं.

मी मराठी आहे हे त्यांना कसं कळलं ते विचारायचंही मला सुचलं नाही. त्यांनीच खुलासा केला. दारात पडलेल्या एका खोक्यावर माझ्या आईनं ठळक अक्षरांत 'पोळपाट, खलबत्ता, किसणी' असं लिहिलं होतं. "म्हणजे आपलेच लोक," ते म्हणाले. "मी मेश्राम. बाजूचं घर. मूळ नागपूर. ते लाटणं ठेव आता खाली, पोरी."

पुढची पाच वर्षं हे गृहस्थ माझे शेजारी होते. या पाच वर्षांत मी त्यांच्यावर वैतागले, त्यांची चेष्टा केली, आणि त्यांच्याइतकं कौतुक नंतर मला कुणाचं वाटलं नाही. हे सगळं एका गॅरेजवरून.

काका टूलरूमचे माणूस. कारखान्यात पत्रा दाबून त्याचे भाग काढतात त्याला डाय म्हणजे पोलादी साचा लागतो, तो करणारी माणसं टूलरूममध्ये बसतात. काकांचा साचा गाडीच्या दाराच्या बिजागरीचा. नागपूरला शिकले, पुण्यात राबले, मग मिशिगनमध्ये आले, आणि इथं त्यांच्या नशिबी आली ती बिजागरी. मॉडेलं बदलली, मालक बदलले, बिजागरी बदलली नाही. केसाच्या जाडीचे चार भाग केले तर एका भागाइतकी चूक त्यांना बोटाला कळायची. मॉलच्या पार्किंगमध्ये अनोळखी गाड्यांच्या दारांशी घुटमळल्यामुळे दोनदा सिक्युरिटीवाला त्यांच्यामागे आला होता. काकू त्यांच्याबरोबर मॉलला जायच्याच बंद झाल्या होत्या.

"तीस वर्षं झाली," ते मला एकदा कुंपणाशी म्हणाले. "लाखो गाड्यांची दारं माझ्यामुळे उघडून राहिली. पण पुरी गाडी? एकही नाही. मी मेलो तर लोक म्हणतील, मेश्राम गेला, बिजागरीवाला."

"मग करा की एक गाडी पुरी," मी सहज म्हटलं. सहज बोललेलं माणसं विसरतात. काकांनी ते वाक्य घरी नेलं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला एक कॅटलॉग आणून दाखवला. अमेरिकेत गाडीचा किट मिळतो हे मला तेव्हा कळलं. म्हणजे सांगाडा येतो, फायबरचं अंग येतं, पन्नासेक खोक्यांमधून नटबोल्टांसकट बाकीचं येतं. इंजिन एखाद्या जुन्या गाडीचं घ्यायचं आणि घरी बसून आख्खी गाडी उभी करायची. काकांना हवी होती ती उघडी, दोन माणसांची, लांब नाकाची गाडी. मी आयटीतली. आमच्याकडे माल आधी गिऱ्हाइकाकडे जातो आणि चुका मागाहून निस्तरतात. त्यामुळे मी विचारलं, "मागवताय कधी?"

"गॅरेज तयार झालं की."

गॅरेज तयार व्हायला तीन वर्षं लागली.

पहिली अडचण शालिनीकाकू. काकू हॉस्पिटलमध्ये नर्स. पहाटे पाचला घराबाहेर पडायच्या. अमेरिकेतले पहिले सहा हिवाळे त्यांनी अपार्टमेंटच्या उघड्या पार्किंगमध्ये, अंधारात, काचेवरचं बर्फ खरवडत काढले होते. घर घेताना त्यांनी बेडरूम किती ते विचारलं नव्हतं, गॅरेज आहे का एवढंच विचारलं होतं. किटचा विषय निघाला तेव्हा त्यांनी पोळी लाटता लाटता एकच अट सांगितली. ती मी स्वतः ऐकली आहे, कारण ती पोळी मीच खाल्ली.

"करा ना गाडी. मी कुठं नाही म्हणते? पण माझी गाडी एक रात्र जरी बाहेर बर्फात उभी राहिली, तर तुमचं ते खेळणं दुसऱ्या दिवशी परत जाईल. मग अर्धं झालेलं असो की पाऊण."

"मंजूर," काका म्हणाले. त्या अटीत किती गुंतलंय ते त्यांना किंवा मला तेव्हा कळलं नव्हतं. गॅरेज दोन गाड्यांचं. एक बाजू काकूंची, एक काकांची. दोन गाड्यांत बसत नव्हतं ते तिसरंच.

ते तिसरं म्हणजे गावभरचं सामान. काकांना नाही म्हणता येत नसे. कुणाचे आईवडील भारतात परत गेले की त्यांच्या बॅगा काकांच्या गॅरेजमध्ये. कुणाचा पाळणा, कुणाचा पलंग, नाटकाच्या सेटमधली एक खिडकी, शंभर माणसांच्या स्वयंपाकाची पातेली. आणि या सगळ्यांच्या वर, छताला टेकलेलं, इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीचं थर्मोकोलचं मखर. काका बौद्ध. त्यांच्या घरी गणपती बसत नाही, हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती आणि पुस्तकांचं कपाट. पण मंडळाचं मखर वर्षाचे साडेअकरा महिने मुक्कामाला मेश्रामांकडे. "देव तुमच्यात, संसार माझ्यात," असं ते मंडळाच्या अध्यक्षांना तोंडावर म्हणायचे. अध्यक्ष हसायचे आणि पुढच्या वर्षी दोन समया वाढवून ठेवायचे.

काकांनी सगळ्यांना फोन केले. सगळे म्हणाले, "हो हो काका, या वीकेंडला नक्की." असे चौदा वीकेंड गेले. मग २००४च्या उन्हाळ्यात काकांनी त्या सगळ्यांना जेवायला बोलावलं. काकूंच्या हातचं मटण, वडाभात, ज्वारीची भाकरी. नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती. आता आपल्या लोकांची रीत अशी की अमेरिकेतही पुढच्या दारानं कुणी येत नाही. गॅरेजमधून यायचं आणि चपला-बूट गॅरेजमध्येच काढायचे. सगळे आले, बूट काढले, आत गेले आणि नागपुरी रश्श्यानं नाकातून पाणी काढत तीन तास जेवले.

निघताना गॅरेजचं दार उघडलं तर बूट जागेवर नव्हते. बाहेर ड्राइव्हवेवर सगळं सामान शिस्तीत मांडलेलं, आणि ज्याचं सामान त्याच्या ढिगावर त्याचेच बूट ठेवलेले. काका जेवणातून मधेच पुन्हा पुन्हा का उठत होते ते आत्ता कळलं. प्रत्येक ढिगाला चिठ्ठी, चिठ्ठीवर काकांच्या टूलरूमी अक्षरात नाव आणि वस्तूंची यादी. पोट तुडुंब भरलेलं असताना, आणि काकू दारात पानसुपारी घेऊन उभ्या असताना, भांडायचं कसं? अध्यक्षांनी मखर मिनीव्हॅनच्या टपावर दोरीनं बांधलं आणि ताशी दहा मैलांनी ते आमच्या गल्लीतून गेले. सुनं पडलेलं ते गॅरेज काका बराच वेळ पाहत उभे होते. माझ्याही दोन बॅगा त्या रात्री मला परत मिळाल्या, हे कबूल केलं पाहिजे.

पुढच्या वसंतात काकांची टूलरूम बंद झाली. साचे आता दुसऱ्या देशात होणार होते. केक कापून, खांद्यावर हात ठेवून त्यांना घरी पाठवलं. त्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले तर ते गॅरेजमध्ये स्टुलावर चढून छताची मापं घेत होते. "आता वेळच वेळ आहे, पोरी," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच होता. पण ते एकच माप पुन्हा पुन्हा घेत होते. मी खाली उभी राहून ते लिहून घेतलं. चारही वेळा तेच आलं.

त्यानंतर मात्र ते गॅरेज म्हणजे त्यांची नोकरी झाली. सकाळी आठला डबा घेऊन ते घरातून निघत आणि बारा पावलांवरच्या गॅरेजमध्ये कामावर हजर होत. भिंतींत ऊब धरणारा कापूस भरला. छताला चौदा ट्यूबलाइट लावल्या, सावली पडू नये म्हणून. वेल्डिंगसाठी आणि हवेच्या कॉम्प्रेसरसाठी जास्त दाबाची विजेची वेगळी लाइन ओढून सिटीच्या इन्स्पेक्टरकडून पास करून घेतली. इन्स्पेक्टर जाताना म्हणाला की असं वायरिंग तो इतरांना दाखवायला आणणार आहे. भिंतीवर फळी लावून प्रत्येक हत्यार टांगलं आणि त्याच्यामागं त्याचीच बाह्यरेषा रंगवली, म्हणजे पाना जागेवर नसला की भिंत बोंब मारणार. त्यांची मुलगी प्राची कॉलेजातून सुटीला आली तेव्हा दारात थबकून म्हणाली, "बाबा, धिस इज क्लीनर दॅन माय डॉर्म." काका म्हणाले, "तुझ्या डॉर्ममध्ये गाडी होणार आहे का?"

मंडळात चेष्टा सुरू झाली होती. काका गाडी करणार नाहीत, ते फक्त गॅरेज करणार, असं लोक म्हणायचे. मीही म्हणायचे. कुणी विचारलं की काकांचं उत्तर ठरलेलं, "जमिनीपासून सुरू करून राहिलो ना." आणि ते खरंच जमिनीपासून सुरू करत होते.

झालं असं, की टूलरूममधून काकांनी एक स्टीलची गोळी आणली होती, मोठ्या बोराएवढी. ती त्यांनी गॅरेजच्या फरशीवर मागच्या भिंतीशी ठेवली. गोळी निघाली ती थेट दारापर्यंत घरंगळत गेली. काकांनी पाइपात पाणी भरून मोजलं. मागच्या भिंतीपासून दारापर्यंत अडीच इंच उतार! काकांचा चेहरा असा झाला की काकूंनी ब्लडप्रेशरचं यंत्र आणलं.

"अशा फरशीवर सांगाडा सरळ बसेल का? गाडी जन्मतःच तिरपी होईल. कोण्या गाढवानं केलीय ही?"

२००६च्या उन्हाळ्यात काकांनी दाराच्या बाजूनं अडीच इंचांपासून मागे शून्यापर्यंत काँक्रीट चढवायचं ठरवलं. मी म्हटलं, फक्त तुमच्या बाजूला करा. ते म्हणाले, अर्धी लेव्हल म्हणजे लेव्हल नव्हे. गुडघ्यावर बसून त्यांनी एकट्यानं सगळं काँक्रीट ओढलं. थापी त्यांच्या हातात इतकी सहज फिरत होती की मी पाहतच राहिले.

"हे कुठं शिकलात?"

त्यांनी थापी पाण्यात बुडवली. मग म्हणाले, "बाप गवंडी होता माझा. नागपुरात अर्ध्या वस्तीच्या मोऱ्या त्याच्या हातच्या. शाळा सुटली की मी माल कालवायला." थापी फिरत राहिली. "त्याला लेव्हल-बिव्हल माहीत नव्हती. मोरी झाली की तांब्याभर पाणी ओतायचा आणि मला विचारायचा, पाणी कुठं जाईल? मी सांगायचो. चुकलो की टपली. मला लाज वाटायची पोरी, त्या सिमेंटच्या हातांची. म्हणून तर टूलरूममध्ये गेलो. तिथं हात स्वच्छ. तिथं मायक्रॉनची भाषा." आणि त्यांनी विषय बदलला.

फरशी वाळली. तिच्यावर करडा एपॉक्सी रंग चढला, आरशासारखा. मग काकांनी आम्हां सगळ्यांना बोलावून मधोमध गोळी ठेवली. गोळी हलली नाही. पंधरा माणसं एक न हलणारी गोळी पाहत उभी होती. तुम्हाला हसू येईल, पण आम्ही टाळ्या वाजवल्या. काका त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाले, "आता मागवतो."

नोव्हेंबरात ट्रक आला. सांगाडा उचलायला आठ जण लागले. खोकी काकांनी क्रमवार लावली. कामाला हात लावायच्या आधी काकूंनी मेणबत्ती लावली, दोघांनी वंदना म्हटली आणि खीर वाटली. काकांच्या बाजूला सांगाडा, काकूंच्या बाजूला काकूंची गाडी, मधे खडूची सरळ रेघ. सगळं अगदी कॅटलॉगमधल्या फोटोसारखं.

डिसेंबरात पहिला मोठा बर्फ पडला. काकू दुपारची ड्यूटी करून आल्या. गाडीच्या टपावर वीतभर बर्फ, चाकांच्या कमानीत ढेकळं, आणि सगळ्यात रस्त्यावर टाकतात ते मीठ. गाडी उबदार गॅरेजमध्ये, त्यांच्या हक्काच्या जागी उभी राहिली. सकाळी सात वाजता काकूंचा मला फोन आला. "ये गं जरा. हे बोलून नाही राहिले."

गॅरेजमध्ये पाणी होतं. फार नाही, बोटाच्या पेराएवढं. पण ते सगळीकडे होतं. उतार असता तर ते दाराखालून मुकाट्यानं बाहेर गेलं असतं. त्याचसाठी तो उतार होता! त्या गाढवानं अडीच इंच मोजूनमापून ठेवले होते, कारण त्याला बर्फ माहीत होतं. काकांच्या आरशासारख्या फरशीवर मात्र पाण्याला जायला जागाच नव्हती, म्हणून ते चारी दिशांना समान पसरलं. खोक्यांची बुडं भिजून फुगली होती. बेअरिंगांचं एक खोकं काकांनी उचललं तर त्याचा तळ गळून पडला आणि खारट पाण्यात बेअरिंगं घरंगळली. काका स्टुलावर बसले होते, मोजे भिजलेले.

"पाणी कुठं जाईल," ते म्हणाले. प्रश्न विचारल्यासारखं नाही, नुसतंच. "साठ वर्षांचा होत आलो. बाप रोज एकच गोष्ट विचारायचा. तेवढीच विसरलो."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. गाडी परत जाणार, हे मला तिथं उभ्या उभ्या दिसलं. काकूंची गाडी आत, तर हिवाळाभर रोज पाणी. काकूंची गाडी बाहेर, तर अट मोडली.

काकूंनी भिजलेली खोकी पाहिली, नवऱ्याकडे पाहिलं, आणि किल्ली उचलली. "मी ठेवते बाहेर," त्या म्हणाल्या. "चार महिन्यांचा तर प्रश्न आहे. घासीन काच. मला काय सवय नाही का?"

आणि इथं मेश्रामकाका उभे राहिले. ओल्या मोज्यांनी, ताठ.

"नाही. तुमची गाडी बाहेर नाही जाणार. अट अट आहे. चूक माझी, आणि काच तुम्ही घासणार? मग कशाला हवी मला गाडी?" मी त्यांना काकूंशी इतक्या चढ्या आवाजात बोलताना तेव्हाच ऐकलं. काकूंनी किल्ली हळूच पुन्हा खुंटीला लावली.

त्याच शनिवारी काकांनी भाड्यानं काँक्रीट फोडायचं यंत्र आणलं. स्वतःची ती आरशासारखी फरशी ते स्वतःच फोडायला उभे राहिले, आणि मी कान झाकून पाहत होते. मला वाटलं सगळीच फोडणार. पण त्यांनी खडूच्या रेघेवर करवत चालवली आणि फक्त काकूंची बाजू फोडली. उन्हाळ्यात चढवलेला थर तेवढा काढला. खाली जुना अडीच इंच उतार जसाच्या तसा होता. काकांची बाजू वर राहिली, सपाट, ओट्यासारखी. काकूंची बाजू खाली, दाराकडे उतरती. मग काकांनी थापी घेतली आणि ओट्याच्या कडेला गोलाई दिली, पाणी अडणार नाही अशी, जशी नागपूरच्या मोऱ्यांना असते. हे काम करताना त्यांनी पोलादी पट्टी खिशातून काढलीच नाही. नुसत्या तळव्यानं पाहत होते.

सिमेंट वाळलं तेव्हा ते आतून तांब्या भरून घेऊन आले. मागच्या भिंतीशी उभं राहून त्यांनी मला विचारलं, "बोल पोरी, पाणी कुठं जाईल?"

"दाराकडे," मी म्हटलं.

त्यांनी तांब्या ओतला. पाणी जरा थांबलं, मग एक लांब जीभ काढून ओट्याच्या कडेकडेनं निघालं आणि दाराखालून बाहेर गेलं. वर ओट्यावर स्टीलची गोळी जागच्या जागी होती. काकांनी तांब्या खाली ठेवला आणि दोन्ही हात वर करून असा आनंदानं ओरडा केला की समोरचा फ्रँक बर्फ ओढायचं फावडं टाकून धावत आला. तो बिचारा कुणीतरी पडलं असं समजला होता. त्याला काकांनी तांब्याचं प्रात्यक्षिक पहिल्यापासून करून दाखवलं. फ्रँक चाळीस वर्षं गाड्यांच्या कारखान्यात होता. त्यानं वाकून ओटा पाहिला, मोरी पाहिली आणि विचारलं, "हू टॉट यू धिस?"

"माय फादर," काका म्हणाले. इतक्या मोठ्यानं, की काकू आतून बाहेर आल्या.

त्यानंतर गाडी व्हायला सव्वा वर्ष लागलं, पण त्यात सांगण्यासारखं काही नाही, कारण काहीच अडलं नाही. प्रत्येक भोकात बोल्ट गेला. सांगाडा केसभरही तिरपा नव्हता. काकूंची गाडी दोन्ही हिवाळे आत राहिली. दारांच्या बिजागऱ्या मात्र काकांनी किटमधल्या वापरल्या नाहीत. त्या त्यांनी स्वतः केल्या, चार महिने घालवून. रंगाची चर्चा झालीच नाही; निळा, हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. २००८च्या मे महिन्यात पोलीस खात्याचा माणूस गाडी तपासून गेला, नंबर प्लेट आली आणि एका रविवारी दुपारी इंजिन सुरू झालं. चेष्टा करणारे सगळे ड्राइव्हवेवर हजर होते. अध्यक्ष हार घेऊन आले होते. काकांनी गाडी ओट्यावरून मागे घेतली, अडीच इंच उतरवली, उन्हात आणली. मी मंडळातल्या जाहीर भाषणांना कधी टाळ्या वाजवत नाही. त्या दिवशी माझे तळहात लाल झाले.

जूनमध्ये आम्ही दुसऱ्या राज्यात, अ‍ॅशबर्नला, राहायला निघालो. माझी नोकरी बदलली होती. सामानाचा ट्रक पुढे गेला होता, घर रिकामं होतं. काकांनी येऊन ती स्टीलची गोळी माझ्या हातात ठेवली.

"नव्या घराच्या गॅरेजमध्ये ठेवून पाहा. घरंगळलीच पाहिजे. नाही घरंगळली तर घर घेऊ नको."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. काकू म्हणाल्या, "हायवेपर्यंत आम्ही येतो तुमच्यासोबत."

पुढे आमची जुनी गाडी, मागं त्यांची निळी. वळणावर मी आरशात पाहिलं तर गाडी काकू चालवत होत्या, गॉगल लावून, केस वाऱ्यावर सोडून. पहाटेच्या अंधारात काचा खरवडणाऱ्या बाईच्या गाडीला आज छप्परच नव्हतं. काका बाजूला हाताची घडी घालून बसले होते.

हायवेच्या आधीच्या शेवटच्या सिग्नलला लाल दिवा लागला. त्यांची गाडी आमच्या शेजारी येऊन थांबली. मिलिंदनं काच खाली केली. मला वाटलं, काका आता काहीतरी बोलणार. पण त्यांनी आपल्या बाजूचं दार उघडलं, मान जरा तिरपी केली आणि दार लावलं. ठप्प. मऊ, भरीव, एकच आवाज.

मग ते माझ्याकडे पाहून ओरडले, "पुरी!"

दिवा हिरवा झाला. काकूंनी गाडी डावीकडे वळवली आणि ते दोघं निघून गेले.